डावखुऱ्याची पत्रिका

टीव्हीवर बेसबॉल चालू असेल आणि एखादा कोवळा पिचर चेंडू फेकून झाल्यावर हात झटकायला लागला, तर मी उठते आणि स्वयंपाकघरात जाते. काहीतरी काम उकरून काढते. डबे पुसते, सिंक घासते. नवरा म्हणतो, तुला बघवत नाही तर लावतेस कशाला? त्याला काय सांगू, कपाळ! खेळ मला आवडतो. फार आवडतो. पण त्या खेळाची माझ्याइतकी धास्ती घेतलेलं माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये नसेल.

हे वेड मला मावशीनं लावलं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. अमरावतीला मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर आईच्या आग्रहानं आमच्याकडे शुगर लँडला राहायला आली. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी चौदा वर्षांची. नऊ वर्षांची असताना नागपूरहून इकडे आले होते, म्हणजे मराठी अजून सुटलं नव्हतं आणि इंग्रजी जिभेवर बसलं होतं. आई-बाबा सकाळी सातला आपापल्या गाड्या काढून कामावर निघून जायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात मी आणि मावशी. दार उघडलं की तोंडावर कुणीतरी गरम ओला टॉवेल दाबल्यासारखं व्हायचं, त्यामुळे आम्ही दोघी दिवसभर एसीत कोंडलेल्या.

दुपारच्या मालिका मावशीला पटल्या नाहीत. नुसत्या रडतात, यांना कामधंदा नाही का, असं तिचं मत. एकदा चॅनल फिरवताना बेसबॉल लागला आणि ती थांबली. पडद्यावर आकडे होते. कोण किती वेळा मारायला आला, किती वेळा चेंडू बॅटला लागला, त्याचं प्रमाण काय, तीन दशांश स्थळांपर्यंत. गणिताच्या बाईला दुसरं काय पाहिजे? आठवड्याभरात तिनं नियम समजून घेतले, महिन्याभरात खेळाडूंची वही सुरू केली, आणि त्या वर्षाच्या शेवटी ती बाबांच्या चुका काढायला लागली.

मोठी नावाजलेली माणसं तिला नको असायची. त्यांचं काय व्हायचं ते झालंय, त्यांच्यात बघण्यासारखं काय राहिलंय, म्हणायची. तिचा सगळा जीव नव्या पोरांवर. ह्यूस्टनची आमची टीम तेव्हा काही फार दिवे लावत नव्हती, पण दर मार्चमध्ये मावशी नव्या उमेदीनं कंबर कसून बसायची. खालच्या टीममधून कोण वर येतंय, कोण अजून कच्चा आहे, कोणाला उगाच घाई केली, सगळं वहीत. रविवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळी जेवायला जमायची, तिथे एक काका हटकून चिडवायचे, काय ताई, यंदा तरी जिंकणार का तुमची पोरं? मावशी वरणभात कालवता कालवता शांतपणे सांगायची, यंदा नाही, तीन वर्षांनी. पाचवीतल्या मुलीला बोर्डाच्या परीक्षेला बसवतं का कोणी? सगळे हसायचे. ती हसायची नाही. तिला खरंच तीन वर्षं थांबायचं होतं.

आणि मग तिच्या हाती ती कार्डं पडली. च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंची कार्डं मिळायची, पुढे फोटो, मागे माहिती. मी गम खायची आणि कार्डं टाकून द्यायची. मावशीनं एक उचललं, चष्मा लावला आणि जोरात म्हणाली, "अगं, यांची तर अर्धी पत्रिका छापूनच आलीय!" जन्मतारीख होती, जन्मगाव होतं. नव्हती ती फक्त जन्मवेळ.

पत्रिका मांडायला ती आजोबांकडून शिकली होती. पण लग्नाच्या पत्रिका तिनं कधीच सोडल्या होत्या, आणि त्याला कारण होतं. तिच्या तरुणपणी तिचं लग्न ठरलं, साखरपुडाही झाला, आणि मग मुलाकडच्यांना बाहेरून कळलं की हिला मंगळ आहे. आजोबांनी तो सांगितलाच नव्हता. मुलाला मंगळाचं काही वाटलं नसतं, असं तो म्हणाला म्हणे, पण लपवल्याचं वाटलं. मोडलं लग्न. मावशी हे सांगताना ना रडायची, ना आजोबांना नावं ठेवायची. एवढंच म्हणायची की पत्रिका उघडली तर दिसेल ते सगळं सांगावं, नाहीतर तिला हात लावू नये. मला हे पाठ होतं. म्हणजे पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायचीही सोय नाही.

टीममध्ये येऊ घातलेला एक पोरगा होता, वीस-एकवीस वर्षांचा डावखुरा पिचर. पूर्व टेक्सासमधल्या एका चिमुकल्या गावाचा. आम्ही त्याला डावखुराच म्हणायचो. तो अजून खालच्या टीममध्ये होता, पण वसंतातल्या सरावाचे सामने टीव्हीवर दाखवले त्यात मावशीनं त्याला पाहिलं आणि पागलच झाली. उंच, हडकुळा, कान बाहेर आलेले. चेंडू फेकताना त्याचा हात असा वळायचा की मला बघताना आपलाच खांदा निसटतोय की काय वाटायचं. मावशी म्हणाली, हा. वहीत त्याच्या नावाला पहिलं अख्खं पान मिळालं. मी शाळेतल्या मुलींना सांगून टाकलं की हा येणार, आणि आमच्या घरात हे आधीपासून माहीत आहे. माझी तिथे जराशी वट निर्माण झाली, जी मला दुसऱ्या कशानं मिळाली नव्हती.

पेपरात एकदा त्याच्यावर मोठा लेख आला. त्यात लिहिलं होतं की त्याची आई गावातल्या शाळेच्या कँटीनमध्ये जेवण वाढते. मावशीनं लगेच फर्मान सोडलं की शाळेच्या पत्त्यावर पत्र लिही. जन्मवेळ विचार. मी म्हटलं, मावशी, असं कोणी विचारतं का? ती म्हणाली, आईला पोराच्या जन्माची वेळ विचारली तर कुठल्याही देशातली आई राग मानणार नाही. बाबांनी कपाळावर हात मारला. मी लिहिलं. मावशीला इंग्रजी वाचता यायचं, पण लिहायला ती कचरायची, आणि बोललेलं तिला टीव्हीवरचं समजायचं तेवढंच. त्यामुळे पत्रांचं खातं माझं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. रेघांच्या कागदावर, पेन्सिलनं. पोरगा दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी जन्मला, बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, असं त्या बाईनं कळवलं होतं. आणि खाली लिहिलं होतं की तुम्हाला काय दिसतं ते मला नक्की सांगा. तो फोनवर सगळं छान आहे म्हणतो. लहानपणापासून असाच आहे, पडून आला तरी सांगायचा नाही.

मावशी दोन दिवस खाली मान घालून बसली होती. शाळेचा ॲटलास, पंचांग, रेखांशाचं गणित. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी मला बसवलं आणि मराठीत मजकूर सांगायला सुरुवात केली. मी आधी वहीत मराठीत उतरवून घेतला, मग बाबांच्या टाइपरायटरवर इंग्रजी करायचं, अशी आमची पद्धत.

पहिला भाग गोड होता. पोरगा नाव काढेल, मोठ्या टीममध्ये जाईल, आईला सुख दाखवेल. शेवटचा भाग आशीर्वादाचा. मधला भाग सर्वांत मोठा होता आणि तो सांगताना मावशी थांबून थांबून शब्द निवडत होती. पोराची धनु रास. साडेसाती नुकतीच लागलीय. साडेसाती म्हणजे वाईट नाही, पण शनी घाई करणाऱ्याला फटके देतो. ही दोन-अडीच वर्षं कोणी वर बोलावलं तरी धावत सुटू नकोस. एखादं वर्ष बसून गेलं तर काही बिघडत नाही. अंगात कुठे दुखलं तर लपवू नकोस, त्याच दिवशी आईला सांग, कोचला सांग. हे वाक्य तिनं मला दोनदा लिहायला लावलं. ती म्हणाली, पत्रात एवढंच महत्त्वाचं आहे, बाकी सगळं तोंडी लावायला.

मी टाइपरायटरपाशी गेले. पहिला भाग झरझर झाला. उलट एक वाक्य जरा लंगडं वाटलं म्हणून मी त्यात 'लवकरच' घातलं. मोठ्या टीममध्ये लवकरच जाईल. मावशीनं ते म्हटलं नव्हतं. मग शनी आला आणि माझं बोट अडलं. मागच्याच महिन्यात वर्गातल्या एका पोरानं मला विचारलं होतं की तुमच्याकडे साप पाळतात का, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला होता. आता मी त्या गावातल्या बाईला काय लिहू, की तुमच्या पोराच्या राशीला एक ग्रह येऊन बसलाय? ती ते शाळेत दाखवणार. शाळेतली माणसं हसणार. आणि खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती. मला तो भाग आवडलाच नव्हता. माझा डावखुरा या उन्हाळ्यात यायला हवा होता, तीन वर्षांनी नव्हे. मी मुलींना सांगून बसले होते.

शनी गाळून बाकीचं लिहिता आलं असतं. दुखलं तर सांग, एवढी एक ओळ. त्याला ना रास लागत होती, ना पंचांग. पण मी तो भागच्या भाग उडवला आणि आशीर्वादावर आले.

मावशीनं कागद हातात घेतला. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, आणला नाही. लांब धरून नुसत्या ओळी बघितल्या.

"एवढ्यात मावलं सगळं?"

"इंग्रजीत कमी जागा लागते, मावशी."

तिनं मान डोलवली आणि खाली मराठीत सही केली. लफ्फेदार, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायची तशी.

जुलैत त्याला वर बोलावलं. मावशीनं शिरा केला. पहिला सामना रविवारी दुपारी होता, बाबाही बसले बघायला. पोरगा सुरेख खेळला. समोरच्याला चेंडू कुठून येतोय तेच कळेना. बाबा चक्क टाळ्या वाजवत होते आणि मी सोफ्यावर नाचत होते. मावशी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होती. सहाव्या डावात ती टीव्हीच्या इतकी जवळ गेली की आई ओरडली, डोळे जातील.

"हा हात झटकतोय," मावशी म्हणाली. "प्रत्येक चेंडूनंतर. बघ."

मी बघितलं. चेंडू फेकून झाला की तो पाठ वळवायचा, टोपी नीट करायचा, आणि त्या आडोशाला डावा हात एकदा खाली झटकायचा. मावशीनं दाखवलं नसतं तर माझं लक्षही गेलं नसतं. मला टाइपरायटरवर गाळलेली ती ओळ आठवली. मावशी मात्र खुर्चीत मागे टेकली आणि स्वतःशीच म्हणाली की बरं झालं आपण वेळेवर कळवलं, आता तो सांगेल कोणालातरी.

तेव्हा बोलता आलं असतं. फोन नंबर नव्हता, पण पत्र होतं, चार दिवसांत पोचलं असतं. मी रोज सकाळी उठून ठरवायची की आज लिहीन, आणि रोज संध्याकाळी मनाला समजवायची की काही होत नाही, खेळाडूंचे हात दुखतातच. दुसरा सामना तो जिंकला. तिसरा जिंकला. पेपरवाले त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागले, आणि दर जिंकलेल्या सामन्यागणिक मला हलकं वाटायचं. बघ, झालं का काही? चौथ्या सामन्यात त्यानं एक चेंडू फेकला, तो मारणाऱ्याच्या जवळपासही गेला नाही, आणि पोरगा तिथेच गुडघ्यांवर बसला. कोपर उजव्या हातानं धरलेलं. कॅमेऱ्यानं त्याचा चेहरा दाखवला. तो चेहरा मला अजून दिसतो. कधी कधी मुलांना शाळेतून आणताना गाडीत दिसायचा.

मावशी दोन दिवस नीट जेवली नाही. तिला दुःख होतं आणि त्याहून जास्त राग होता. ऐकलं नाही त्यानं, म्हणायची. एवढं स्पष्ट लिहूनसुद्धा ऐकलं नाही. मी तिचं ताट उचलून सिंक घासायला जायची.

नोव्हेंबरात त्या बाईचा फोन आला. नंबर तिनं डिरेक्टरीतून काढला होता. पोराच्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं, ह्यूस्टनला डॉक्टरला दाखवायला येणार होते, आणि जमलं तर त्या पत्रवाल्या मॅडमना भेटायचं होतं. मला नाही म्हणता आलं असतं. पण फोन मावशीच्या समोर आला होता.

शनिवारी दुपारी ते आले. ती बाई ठेंगणी, स्वच्छ इस्त्रीचा झगा घातलेली, हातात घरी भाजलेला ॲपल पाय. पोरगा दारातून वाकून आत आला, टोपी काढली. टीव्हीवर दिसायचा त्याहून लहान वाटत होता. डावा हात कोपरात दुमडलेला, सरळ होत नव्हता. मावशीनं त्याला सोफ्यावर बसवलं, पोहे पुढे ठेवले, आणि तो उजव्या हातानं चमच्यानं खायला धडपडायला लागला तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई-बाबा नेमके बाहेर गेले होते. बोलायला मध्ये मी एकटी. त्या दोघांचं पूर्व टेक्सासचं गिळलेलं इंग्रजी मावशीला ओ की ठो कळत नव्हतं.

बाईनं पर्समधून एक कागद काढला. आमचं पत्र. घड्या पडून पडून चार ठिकाणी फाटलं होतं. ती म्हणाली, मी ते त्याला पाठवून दिलं होतं, तो प्रत्येक सामन्याआधी वाचायचा. मग पोरगा बोलला. माझ्याकडे नाही, मावशीकडे बघून, अगदी सावकाश, तिला समजावं म्हणून. हात मार्चपासून दुखत होता. खालच्या टीमच्या कोचला सांगायचं त्यानं ठरवलंही होतं. पण मग पत्र आलं, लवकरच जाशील म्हणून. ही आपली वेळ आहे आणि ती दुखण्यापायी घालवायची नाही, असं त्यानं ठरवलं. त्याला कसलाही पश्चात्ताप नव्हता. चार सामने मिळाले ते त्या पत्रामुळे, नाहीतर तेही मिळाले नसते. त्याबद्दल मावशीचे आभार मानायला तो आला होता.

मावशी माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतो?"

मी म्हटलं, हात मार्चपासून दुखत होता म्हणतो.

"विचार त्याला, मी लिहिलं होतं ना, दुखलं तर लपवू नकोस म्हणून? मग का नाही ऐकलं?"

खोलीत तिघंजण माझ्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगण्याची तीच एक जागा होती. इंग्रजीत सांगितलं असतं तरी चाललं असतं, मराठीत सांगितलं असतं तरी चाललं असतं, कुठल्याही एका बाजूला. मी पोराला विचारलं की हात अजून दुखतो का. तो म्हणाला, रात्री थोडा दुखतो, पण फार नाही, काळजी करू नका. आणि मी मावशीकडे वळून म्हटलं, "तो म्हणतो, चूक झाली. ऐकायला हवं होतं."

मावशी उठली. त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तो दुमडलेला हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. कोपरावर जखमेची लांबलचक लाल रेघ होती, तिच्या कडेनं ती अंगठा फिरवत राहिली. पोरगा लाजला, पण त्यानं हात काढून घेतला नाही.

"सांग त्याला, लहान होता म्हणून चुकला. सांग, माझ्या मनात राग नाही. मी माफ केलं."

मी त्याला सांगितलं की मावशी आशीर्वाद देतेय.

त्याची मान खाली गेली. कान लाल झाले. "थँक यू, मॅम," तो म्हणाला.

तेवढं इंग्रजी मावशीला समजत होतं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, बघ, किती गुणी पोरगा आहे, उलटून एक शब्द बोलला नाही.